पाऊल ओळखलं

वृषाली शेडगेच्या गॅलरीत पहिल्यांदा डोकावणाऱ्याला वाटायचं, हिने खेळाच्या सामानाचं दुकान काढलंय की काय. दोरीवर घाम मोजणारे बनियन वाळत असायचे. कोरफडीच्या कुंडीवर उन्हात चार्ज होणारी कपाळपट्टी पडलेली असायची. कठड्याला श्वास मोजणारा छातीचा पट्टा लोंबकळायचा. हा पट्टा एकदा वाऱ्याने गदागदा हलला आणि त्याने तिच्या नवऱ्याच्या फोनवर निरोप धाडला, 'वापरकर्ता संकटात आहे. त्वरित मदत करा.' रणजित मोटर रिवाइंडिंगचं दुकान अर्धवट उघडं टाकून धावत घरी आला, तर वापरकर्ता स्वयंपाकघरात वांगी चिरत होता.

वृषाली साताऱ्याच्या एका कन्याशाळेत क्रीडाशिक्षिका होती. वय चव्वेचाळीस. पुण्या-मुंबईच्या कंपन्या तिच्याकडे धावण्याचं नवं सामान चाचणीसाठी पाठवायच्या, कारण जे सामान यवतेश्वरचा घाट चढून-उतरून टिकलं ते कुठेही टिकेल, असा त्यांचा अनुभव होता. दुसरं कारण म्हणजे तिची जीभ. एका महागड्या टोपीबद्दल तिने अहवालात लिहिलं होतं, 'टोपी उत्तम. पळताना उडाली ती अजून सापडली नाही.' कंपन्या रागवायच्या आणि पुढचं सामान पुन्हा तिच्याकडेच पाठवायच्या.

म्हणून २०४१ च्या नोव्हेंबरात 'सहज' नावाचा शूज आला, तेव्हा तिने खोकं फारशा आदराने उघडलं नाही. आत होतं ते बघून ती हसलीच. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा तळवा, वर मोज्यासारखं कापड. अख्खा शूज गुंडाळी करून मुठीत मावत होता.

"याला शूज म्हणायचं?" ती विजूताईंना म्हणाली. "पायाला पापड बांधल्यासारखं वाटतंय."

विजूताई ढाणे म्हणजे तिची रोजची पळण्यातली सोबतीण. पंचावन्न वर्षांच्या, जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका, उंच आणि हाडापेराने मोठ्या. चाचणीसाठी निवडलेल्या बारा जणांत त्याही होत्या. कंपनीने सध्या दोनच साचे काढले होते, बायकांसाठी सात नंबर आणि पुरुषांसाठी नऊ. त्यामुळे सहा बायका सात नंबरच्या आणि सहा पुरुष नऊ नंबरचे, अशी पायांवरूनच भरती झाली होती.

जिल्हा क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये डॉ. सारंग केळुसकरांनी शूज समजावून सांगितला. हे कंपनीचे मुख्य संशोधक. चाळिशीचे, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी पायांकडे बघायची सवय असलेले.

"ताटात वाटाणा वाटीच्या कडेला अडकलाय असं समजा," ते म्हणाले. "नुसती फुंकर मारून तो पलीकडे जात नाही. पण ताट किंचित थरथरत ठेवलं, तर तेवढ्याच फुंकरीने जातो. आपल्या तळव्यातल्या मज्जातंतूंचं तसंच आहे. जमिनीचे बारीक स्पर्श त्यांच्यापर्यंत पोचतात, पण मेंदूला कळवण्याइतके जोरकस नसतात. या तळव्यात एक पापुद्रा आहे, त्यावर सहाशे ठिपके आहेत. ते तुम्हाला जाणवणारही नाही इतकी हलकी थरथर देत राहतात. मग खडा, उतार, ओलसरपणा सगळं पायाला कळायला लागतं. अनवाणी माणसालाही कळत नाही इतकं."

"आणि शिकतो म्हणतात तो?" कुणीतरी विचारलं.

"हेच ठिपके तुमचा दाबही मोजतात. तुमची चाल शिकतात. मग पाऊल जिथे पडलं तर धक्का कमी बसेल, तिथली थरथर एक केसभर आधी सुरू होते. पाय आपोआप तिकडे वळतो. तुम्हाला काहीच करायचं नाही. चाल तुमचीच राहते, फक्त जास्त चांगली होते." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. तिथे तेच वाक्य मोठ्या अक्षरांत होतं.

शूज मालकाचं पाऊल ओळखतो, दुसऱ्याने घातला तर चालत नाही, हेही त्यांनी सांगितलं. वृषालीचा विश्वास बसेना. दोन दिवस दोघींनी आपापला शूज वापरला आणि तिसऱ्या दिवशी तिने विजूताईंचा जोड पायात चढवून चार पावलं टाकली. टाचेवरचा हिरवा ठिपका लाल झाला, कानातल्या क्लिपमधून 'अनोळखी पाऊल' असा आवाज आला आणि तळवा मेल्यासारखा गप्प झाला. तिने निमूटपणे अहवालात लिहिलं, 'कुलूप पक्कं आहे.'

कुलूप पक्कं असायला हवंच होतं. त्या दोघींच्या चालीत जमीन-अस्मानाचा फरक होता. विजूताई ढांगा टाकायच्या. वृषालीची पावलं आखूड, आणि डावा पाय प्रत्येक वेळी बाहेरून अर्धगोल फिरून पुढे यायचा. नऊ वर्षांची असताना ती फणसावरून पडली होती. गावच्या हाडवैद्याने घोटा बसवला तो थोडा तिरका बसला. एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या संघाच्या निवडीला गेली, तेव्हा समितीतले एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरगी दमाची आहे, पण पाय बघा, पळतेय की अंगण सारवतेय?" सगळे हसले. निवड झाली नाही. तेव्हापासून मैत्रिणींत तिचं नाव 'सारवण' पडलं.

त्या सारवणाऱ्या पायाने तिने पुढची पंचवीस वर्षं घाट मारला होता. निवड झालेल्यांपैकी बहुतेक जणी कधीच घरी बसल्या. चाल बदल म्हणून सांगणारे प्रशिक्षक आले आणि गेले. तिने एकालाही दाद दिली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तर जाऊ नये असंच तिला वाटायचं. त्या पायाचा तिला अभिमान होता.

शूज मात्र खरोखर चांगला होता, हे तिला कबूल करावं लागलं. महिन्याभरात डाव्या गुडघ्याची जुनी कुरकुर थांबली. घाटाच्या वेळेतून चार मिनिटं गेली. विजूताई तर उड्या मारायच्या बाकी होत्या. "अगं, दहा वर्षांनी कठडा न धरता जिना उतरले," त्यांनी सांगितलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वृषालीने अहवालात लिहिलं, 'नावं ठेवायला जागा सापडत नाही. शोधते आहे.'

डिसेंबरात एका रविवारी घाटात दाट धुकं होतं. रणजित नेहमीप्रमाणे चौथ्या वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. नुसत्या आवाजावरून मोटरीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा हा माणूस. धुक्यात चेहरे दिसत नसत, पण बायको कुठे आहे ते त्याला पन्नास पावलांवरून कळायचं. रविवारी घाट चढणाऱ्या पंधरा जणींत एकच आवाज ठप-सर्र, ठप-सर्र असा यायचा. लग्नाआधी तो त्या आवाजावरच भाळला होता.

वृषाली वळणावर आली. रणजितने वाट मोकळी करून दिली आणि म्हणाला, "सावकाश ओ विजूताई, पुढं निसरडं हाय. आमची वृषा कुठं राहिली?"

ती थांबली. "रणजित, मीच आहे."

त्याने वाकून चेहरा बघितला आणि खजील होऊन हसला. तिने पाणी घेतलं आणि थट्टा केली, चष्मा लाव म्हणाली. पण उरलेला घाट तिने स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकत काढला. ठप, ठप, ठप, ठप. घड्याळासारखा एकसारखा.

माथ्यावर पोचल्यावर सगळ्यांनी नेहमीप्रमाणे शूज काढले, यवतेश्वराचं दर्शन घेतलं, पायरीवर बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले आणि शूज घालून उतरले.

पुढच्या रविवारी दुपारी वृषाली शूज धुवायला बसली. आतलं अस्तर उलटं केलं, तर जिभेच्या मागच्या बाजूला निळ्या शाईत बारीक अक्षरं होती, 'वि. ढा.' तीस वर्षं चादरी-टॉवेलांवर वॉर्डाची खूण घालायची सवय. विजूताई घरातल्या चमच्यांवरसुद्धा खूण करायच्या.

वृषाली जोड हातात धरून तशीच बसून राहिली. देवळाबाहेर चपला बदलणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. बाहेर पडणारा माणूस डोकं देवाकडे ठेवून पाय घालतो. पण आठ दिवस ती हाच शूज घालून पळली होती. रोज सकाळी टाचेवर हिरवा ठिपका लागला होता आणि रोज कानात तेच दोन शब्द आले होते, 'पाऊल ओळखलं.'

तिने विजूताईंना फोन केला. त्या आल्या त्या वृषालीचा जोड घालूनच. त्यांच्याही टाचेवर हिरवाच ठिपका होता.

"बिघडलं असेल कुलूप," विजूताई म्हणाल्या.

"बघूया."

गच्चीवर रणजितने पोतंभर रांगोळीचा भुगा पसरला. दुकानातली मोजपट्टी आणली. आधी विजूताई अनवाणी चालत गेल्या, मग शेजारून वृषाली. दोघींनी मुद्दाम काहीच करायचं नाही, सरळ जायचं, असं ठरलं होतं. रणजित गुडघ्यावर बसून मोजायला लागला. एक, दोन, पाच, नऊ. मग त्याने पट्टी खाली ठेवली.

"दोघींचं अंतर एकच," तो म्हणाला. "बोटभरसुद्धा फरक न्हाई. आणि हे बघ." त्याने वृषालीच्या डाव्या पावलाचा ठसा दाखवला. त्याच्या बाहेरच्या बाजूला भुगा जराही विस्कटलेला नव्हता. जिथे अर्धगोल उमटायला हवा होता, तिथे रांगोळी सपाट पांढरी होती.

वृषालीने पुन्हा चालून बघितलं. या वेळी ठरवून पाय बाहेर टाकला. पण ते सोंग होतं. तीन पावलं सोंगाची पडली आणि चौथं नकळत सरळ गेलं. तिने सहा वेळा प्रयत्न केला. मग तिला भयंकर संताप आला. साहेबांना हसून जे करून घेता आलं नव्हतं, ते या पापडाने तिला न विचारता करून टाकलं होतं. आणि वर गुडघा बरा केला म्हणून तिने त्याचे आभार मानले होते.

"शूज काढला तरी चाल शूजचीच," ती म्हणाली.

विजूताई कठड्याला टेकल्या होत्या. "मला जिने उतरता येतात, वृषाली," त्या हळूच म्हणाल्या. "ते खोटं नाही."

"नाहीच. मी कुठं म्हणते."

चाचणी फेब्रुवारीत संपणार होती. शेवटच्या दिवशी संकुलात प्रात्यक्षिक होतं, शिक्षण खात्याच्या उपसंचालक तांबोळी मॅडम येणार होत्या. जूनपासून जिल्ह्यातल्या पाचवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'सहज' द्यायचा, असा प्रस्ताव होता. त्याला जोडायच्या कागदावर बाराही जणांनी एका वाक्याखाली सही करायची होती, 'या शूजने माझी स्वतःची नैसर्गिक चाल जपली.' वृषाली शिक्षिका, त्यामुळे तिची सही सगळ्यात वर.

तिने कंपनीला लिहिलं, सही करणार नाही. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी केळुसकर स्वतः सहीचा कागद घेऊन घरी आले. रणजितने चहा ठेवला.

"मॅडम, गुडघा दुखतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बाराही जणांत तीन महिन्यांत एकही मुरगळ नाही. माझी आई मोरीपाशी पाय सरकून पडली. खुबा मोडला, पुन्हा उठली नाही. पाऊल दोन बोटं अलीकडे पडलं असतं, तर आज असती. माणसं वाईट चालतात, मॅडम. आयुष्यभर चालतात आणि म्हातारपणी त्याची किंमत मोजतात."

ते मनापासून बोलत होते हे वृषालीला दिसत होतं. म्हणून तिने आवाज चढवला नाही. "सगळ्यांची चाल एक कशी झाली?"

केळुसकरांनी कप खाली ठेवला. "आम्ही यंत्राला एवढंच सांगितलं होतं, धक्का कमी कर, दम वाचव. वाटलं होतं, प्रत्येकाला त्याची त्याची वाट काढून देईल. त्याने बाराही जणांना एकाच वाटेवर आणून सोडलं. त्याच्या हिशेबात तीच सगळ्यात स्वस्त पडते."

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"पाचव्या आठवड्यात."

"आणि कुलूप कधी बिघडलं?"

"कुलूप बिघडलं नाही," ते म्हणाले. "ते तुमच्याबरोबर बदलत गेलं. तुम्ही सगळे एका किल्लीचे झालात."

रणजित मध्येच म्हणाला, "आणि कागदावर लिवलंय, चाल तुमचीच."

"ते वाक्य जाहिरात विभागाचं आहे." मग केळुसकर वृषालीकडे वळले. या वेळी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुमची पहिल्या दिवसाची चाल आमच्याकडे नोंदलेली आहे. प्रत्येक पावलासकट. ती तुमच्या शूजमध्ये भरता येते. तीन आठवडे वापरलात की डावा पाय पूर्वीसारखा फिरेल. मी करून देतो. तुम्ही उद्या सही करा."

तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की हात आपोआप कागदाकडे गेला आणि तिने तो हात मांडीखाली दाबून धरला.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

केळुसकर गेल्यावर रणजितने कप उचलले आणि दारातच थांबला. "घे की. तुझंच हाय ते. चोरीचा माल परत मिळतोय तर नको कशाला म्हणायचं?"

"सही खोटी आहे, रणजित."

"एक सही. खात्यात रोज शंभर खोट्या सह्या होतात." त्याने कप दुसऱ्या हातात घेतले. "मला ती ठप-सर्र ऐकायचीय, वृषा. खरं सांगतो. घरात तू चालतीस तर मला वाटतं पाव्हणी आलीय."

हे तिला लागलं. तो खोटं बोलत नव्हता म्हणूनच जास्त लागलं. "माझी नोंद त्यांनी ठेवली," ती म्हणाली. "माझ्या शाळेतल्या पोरींची कोण ठेवणार? मैदानाच्या पार टोकाला पोरगी दिसली तर नुसत्या चालण्यावरून मी नाव सांगते. एक फरकटत येते, एक उड्या मारते, एक सारखी मागं बघत पळते. जूननंतर मी कुणाला हाक मारू?"

"साऱ्या जगाचा मक्ता तू कशाला घेतीस?"

"जगाचा नाही. सहावी ब चा."

त्याने कप विसळून ठेवले आणि ताटं वाढली.

सकाळी मैदानात मंडप होता. तांबोळी मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, हातात जाडजूड फाइल. पडद्यावर बारा नावं आणि बारा ठिपके. केळुसकर माइकवर होते. बारा जण दोन फेऱ्या पळाले, बारा ठिपके हिरवे झाले, टाळ्या वाजल्या. मग सहीसाठी टेबल पुढे आलं आणि वृषालीचं नाव पुकारलं गेलं.

आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, तिने बाकी दहा जणांना फोन करून विचारून ठेवलं होतं. पाच जणांनी लगेच होकार दिला, चौघांनी कुरकुरत, आणि एकाने सकाळी मैदानात आल्यावर. विजूताईंशी तिचं फोनवर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "गुडघ्यासाठी मी हा शूज मरेपर्यंत घालीन, कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण पेशंटला गोळी देताना गोळीचं नाव सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर ती गोळी नव्हे, ती फसवणूक."

वृषालीने पेन उचललं नाही. "मॅडम, पाच मिनिटं हवीत," ती तांबोळींना म्हणाली. "हाताच्या काकणाला आरसा कशाला? इथंच दाखवते."

तिने शूज काढून गवतावर टाकले. मागून विजूताईंनी काढले. मग सगळ्यांनी. सातचे जोड एका ढिगात, नऊचे दुसऱ्या. मग तिने दोन्ही ढीग पायानेच उलटेपालटे केले, देवळाबाहेर गर्दीत होतात तसे. कंपनीचा एक माणूस पुढे आला, त्याला केळुसकरांनीच हाताने थांबवलं.

"आता ज्याला जो मिळेल तो घाला," वृषाली म्हणाली. "उजवा एकाचा, डावा दुसऱ्याचा आला तरी चालेल."

बारा जण पळाले. पडद्यावरचा पहिला ठिपका हिरवा झाला. मग दुसरा. मग एकदम पाच. शेवटचा जरा रेंगाळला, सगळ्यांच्या माना पुढे झाल्या आणि तोही हिरवा झाला. बारा जणांच्या कानात एकाच वेळी आवाज आला. क्लिप पडद्याला जोडलेली असल्यामुळे तो ध्वनिक्षेपकातूनही सगळ्या मैदानाला ऐकू आला. 'पाऊल ओळखलं.'

तांबोळी मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "डॉक्टर, हे असंच होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

केळुसकर क्षणभर त्यांच्या पायांकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले.

"मग हे वाक्य?"

"ते बरोबर नाही. पण मॅडम, दुखापती..."

"दुखापतींचं वेगळं लिहून आणा. खरं जे असेल ते लिहून आणा, मग मुलांच्या आईबापांना विचारू. ही फाइल आज माझ्यापुढे जात नाही." त्यांनी फाइलचा बंद बांधला.

माणसं उठायला लागली. कंपनीच्या लोकांनी पडदा गुंडाळला. केळुसकर वृषालीजवळ आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त जड गेलं.

"ती नोंद आता मी देऊ शकत नाही," ते म्हणाले. "चाचणीचा करार मोडलात तुम्ही. रात्रीपर्यंत कंपनी ती बंद करेल. तुम्हाला हे माहीत होतं."

"माहीत होतं."

"एका पायासाठी एवढी वर्षं भांडलात, आणि तोच घालवलात."

"तुमच्या मशीनकडून मागून घेतला असता, तर तो तुमचा झाला असता," वृषाली म्हणाली. "मी तो फणसावरून पडून मिळवला होता, डॉक्टर. पुन्हा पडेन."

तिने पायातले कुणाचे तरी शूज काढून त्यांच्या हातात दिले आणि अनवाणी मातीत उतरली. रणजित मंडपाच्या खांबापाशी उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडू आलं असतं, आणि तिला पळायचं होतं.

पहिली पन्नास पावलं त्याच ओळखीच्या तालात गेली. ठप, ठप, ठप. तिने दात आवळले आणि डावा पाय बाहेर फेकला. तो सारवणारा पाय नव्हता. दुसराच काहीतरी होता, वेडावाकडा. तिने उजवाही चुकवला. वळणावर दोन्ही पाय एकमेकांत अडकले आणि ती भर मैदानात तोंडघशी पडली. मंडपात कुणीतरी हसलं. ती उठली. कोपर सोललं होतं, डावा गुडघा ठणकायला लागला होता, तीन महिन्यांनी पहिल्यांदा. तिने हात झटकले, मोठ्याने एक कचकचीत शिवी दिली आणि पुन्हा सुटली. आता उजवं पाऊल आखूड पडत होतं, डावं लांब, खांदा एकीकडे कललेला. मध्येच एखादं पाऊल नुसतीच उडी व्हायचं. कुठल्याच फेरीत कुठलंच पाऊल आधीच्यासारखं पडत नव्हतं. दम लागला होता, धाप ऐकू येत होती, पण ती थांबायचं नाव घेत नव्हती.

तांबोळी मॅडम गाडीकडे जाता जाता थांबल्या. बराच वेळ बघून त्यांनी शेजारी बाकावर बसलेल्या विजूताईंना विचारलं, "या बाई नेहमी अशाच पळतात का हो?"

"छे हो," विजूताई शूजची नाडी सोडत म्हणाल्या. "अशी कुणीच पळत नाही."

मग त्यांनी शूज बाकाखाली सारले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याही मैदानात उतरल्या.